सोळा महिन्यांचं वर्ष

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यापुढं शिकायची गावात सोय नव्हती आणि घरात कुणाची इच्छा नव्हती. तरी आमच्या घरात कंपनीचे अहवाल मी वाचायचे, हे वाचत नसत. त्याचं कारण सरळ आहे. शेअर माझ्या नावावर होते.

हे कोर्टात कारकून. सरकारी नोकराच्या नावावर शेअर नकोत, उद्या कुणी बोट दाखवेल, म्हणून ह्यांनी पन्नास शेअर माझ्या नावानं घेतले. कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. कंपनी उद्यमनगरातली. उसाचे चरक, चरकाच्या लाट्या म्हणजे ऊस पिळणारे रूळ, इंजिनांचे सुटे भाग असा ओतकामाचा माल काढायची. कंपनी चालवणारे मॅनेजर ह्यांचे शाळासोबती. मला आधी काही विचारलं नव्हतं. सहीसाठी कागद पुढं आला तेव्हा कळलं. माझंच नाव कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "घरची लक्ष्मी तूच की." मला तिथंच संशय आला. एरवी हे मला लक्ष्मी म्हणणाऱ्यांतले नव्हते.

नाव माझं असल्यामुळं वर्षातून एकदा पोस्टमन माझ्या नावाचं जाड पाकीट आणायचा. माहेरून कधी कुणी मला पत्र पाठवलं नव्हतं, त्यामुळं पहिल्या वेळी मी ते दोन दिवस फोडलंच नाही. फोडल्यावर आत छापील अहवाल निघाला. शेअर घेणारे बहुतेक गुळाचे व्यापारी, बागायतदार आणि पेन्शनर असल्यामुळं तो मराठीत असायचा. सुरुवातीची चार पानं संचालकांच्या गोड बोलण्याची. ईश्वरकृपेनं अमुक झालं, आपल्या सहकार्यानं तमुक झालं. मी ती पानं सोडून द्यायचे. ज्याला आपल्याकडून पैसे हवे असतात तो आधी गोडच बोलतो. मागं आकड्यांची दोन पानं असत, ती मी वाचायला घेतली.

आधी काही कळेना. ह्यांनी सगळ्यात खालच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, हा निव्वळ नफा, हा वाढला की झालं, बाकीचं तू बघू नकोस. बघू नकोस म्हटल्यावर मी बघायला लागले.

आमच्या अप्पांचं गडहिंग्लजच्या बाजूला गुऱ्हाळ होतं. अप्पांना अक्षरओळख बेताची, पण गुळाचं काम पक्कं समजायचं. हंगाम संपला की लोक विचारत, यंदा पैसे किती झाले. अप्पा तसं विचारायचे नाहीत. ते गूळ रांधणाऱ्या गुळव्याला समोर बसवून एवढंच विचारायचे, रसाच्या एका काहिलीला गुळाच्या ढेपा किती पडल्या? एका वर्षी गुळाला भाव चांगला होता, हातात पैसे भरपूर आले होते, आणि तरी अप्पांनी गुळव्याला काढून टाकलं. तो म्हणाला, "अप्पा, ह्या वर्षाएवढा पैसा तुम्ही कधी बघितला नव्हता." अप्पा म्हणाले, "पैसा बाजारानं दिला. तू काय दिलास?"

अहवालातली ती दोन पानं बघताना मला हे आठवलं. मी म्हटलं, इथंही तसंच बघू. कंपनीनं माल किती रुपयांचा विकला ते घेतलं. त्यातून लोखंड, कोळसा, कामगारांचे पगार, वीज, ऑफिसचा खर्च, यंत्रांची झीज, असं जे जे काम चालवायला लागतं ते एकेक वजा केलं. राहिलं ते कामातून आलेलं. त्याच्या खाली आणखी काही रकमा मिळवलेल्या असायच्या, गाळ्याचं भाडं, बँकेचं व्याज, किरकोळ उत्पन्न. त्या मी बाजूला ठेवल्या. भाडं खायला लोखंड ओतावं लागत नाही. मग विकलेल्या प्रत्येक रुपयामागं कामातून किती आणे उरले ते काढलं. भागाकार मोठे होते, पण शाळेत आमच्याकडून पावकी, निमकी, दिडकी अशी घोकून घेतली होती की ती अजून झोपेतही म्हणता येतील. पहिल्या वर्षी रुपयामागं साडेतीन आणे आले. तो आकडा मी कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहिला.

पुढच्या वर्षी सव्वातीन. त्याच्या पुढं दोन वर्षं तीनच्या आसपास. मग एका वर्षी पावणेतीन आले, आणि त्याच वर्षी खालचा निव्वळ नफा मात्र चांगला वाढलेला. हे कोर्टातून खूश होऊन आले, मॅनेजरांनी त्यांना रस्त्यातच सांगितलं होतं. मी अहवालातली बारीक ओळ दाखवली. कारखान्यामागची मोकळी जागा कंपनीनं विकली होती आणि ते पैसे नफ्यात धरले होते.

"नफा तो नफा," हे म्हणाले.

"जागा दरवर्षी विकता येती व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मी म्हटलं, ढेपा कमी पडाय लागल्यात एवढं कळतंय. ते हसले आणि जेवायला बसले. वर्षाचा लाभांश वेळेवर येत होता, आणि लाभांश येतो तोवर माणूस दुसरं काही ऐकत नाही. तो मीही घेत होते, नाही म्हणत नाही. पण लाभांश दरवर्षी तेवढाच आणि आणे मात्र कमी, मग तो देतात कशातून, हे माझ्या डोक्यातून जाईना.

तेव्हा आम्ही शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. नळ सहा बिऱ्हाडांत एक. घरमालकाला ती जागा मोकळी करून हवी होती आणि तो दर महिन्याला तसं बोलून दाखवायचा. ह्यांची पेन्शन जवळ आलेली. म्हणून राजारामपुरीच्या पलीकडं आम्ही एक प्लॉट धरला. विसार देऊन झाला होता. राहिलेले पैसे संक्रांतीपर्यंत द्यायचे, नाही दिले तर विसार बुडणार. ते पैसे आम्ही जमवून ठेवले होते, आणि ते एकदाच जमणारे होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणे जाऊन नवे पैसे चालू झाले त्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. आजवर कंपनीचं हिशेबाचं वर्ष जूनअखेर संपायचं. ते इंग्रजी वळण झालं, आता देश आपला झाला, तेव्हा यापुढं आपल्या रीतीप्रमाणे लक्ष्मीपूजनाला वही बंद करायची आणि पाडव्याला नवी उघडायची, असं संचालकांनी ठरवलं होतं. रजिस्ट्रारची परवानगीही घेतली होती. ज्याच्या त्याच्या तोंडी कौतुक. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी दिवाळीलाच वहीपूजन करतात, त्यांना तर कंपनी आपल्या घरातली वाटली. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं. आमच्या अप्पांचा हिशेबही दिवाळीलाच व्हायचा.

दिवाळीनंतर अहवाल आला तो दीड महिन्यात. एरवी पाच-पाच महिने लागायचे. कागद गुळगुळीत, वर लक्ष्मीचं रंगीत चित्र. विक्री भरपूर वाढलेली, नफा त्याहून वाढलेला. आणि सोबत दुसरा कागद. कारखाना वाढवायचा आहे, म्हणून जुन्या भागधारकांना एका शेअरमागं एक नवा शेअर घ्यायचा हक्क दिला होता. आम्हाला पन्नास मिळत होते. बाजारात भाव जास्त होता, आम्हाला छापील किमतीत मिळणार.

हे त्या रात्री जेवले नाहीत नीट, इतके आनंदात होते. म्हणाले, प्लॉटचे पैसे इकडं घालू, दोन वर्षांत दुप्पट होतील, मग प्लॉट काय, बांधलेलं घर घेऊ. विसार गेला तर गेला. अर्जावर सही फक्त तुझी लागेल.

मी म्हटलं, आधी हिशेब करू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसून केला. मालाचे रुपये घेतले, खर्च वजा केला, भाडं-व्याज बाजूला काढलं. रुपयामागं साडेतीन आणे आले, सुरुवातीच्या चांगल्या वर्षाएवढे. मी पुन्हा केला, पुन्हा साडेतीन. जागा विकलेली नव्हती, जुनं यंत्र विकलेलं नव्हतं. हे सगळं कामातून आलेलं दिसत होतं. मला वाटलं, एवढी वर्षं मीच वाकड्या डोळ्यानं बघत आले. खडूनं साडेतीन लिहिले आणि अर्जावर सही करायची असं जवळजवळ ठरवलं.

तरी मन घेईना. आधीच्या वर्षी पावणेतीनच्याही खाली गेलेलं काम एकदम वर कशानं आलं? चरक तोच, लाट्या त्याच. दुसऱ्या कारखान्यांचे चरक बाजारात आले होते ते मला माहेरच्या माणसांकडून कळत होतं. दोन दिवसांनी मी उद्यमनगराच्या बाजूला गेले. कारखान्याच्या दाराशी एक चहावाला बसायचा. मी म्हटलं, हल्ली इकडं धूर दिसत नाही. तो म्हणाला, "मावशी, भट्टी आता बुधवारी आन् शनवारी. पूर्वी रोज पेटायची. माझा पण धंदा बसला की त्यापायी."

भट्टी आठवड्यातून दोनदा, आणि रुपयामागं आणे वाढलेले. दोन्ही खरं कसं असेल? घरी येऊन मी अहवाल पहिल्या पानापासून वाचला, गोड बोलण्याची पानंही वाचली. त्यात काही नव्हतं. मग आकड्यांच्या पानाच्या डोक्यावरची ओळ वाचली. ती ओळ मी आजवर कधी वाचलीच नव्हती, कारण दर वर्षी तीच असायची. ह्या वेळी लिहिलं होतं, आदल्या वर्षीच्या एक जुलैपासून ह्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनापर्यंत.

मी बोटांवर मोजलं. सोळा महिने होत होते.

सोळा महिने म्हणजे वर्षापेक्षा चारच जास्त, असं कुणी म्हणेल. पण चरक काही महिन्याच्या महिन्याला विकला जात नाही. गुऱ्हाळं दिवाळीच्या पुढंमागं पेटतात. त्यामुळं बागायतदार श्रावणापासून चरक सांगून ठेवतो, लाट्या बदलून घेतो, आणि खंडेनवमीला पूजा करून दसऱ्याला माल उचलतो. आमच्या अप्पांनी दसऱ्याखेरीज दुसऱ्या दिवशी लोखंड घरी आणलेलं मला आठवत नाही. वर्षाची मोठी विक्री त्या चार महिन्यांतली. बाकीचं वर्ष कारखाना पगार देत बसायचा.

मग मी दसरे मोजले. एका दसऱ्याला आमच्या धाकट्या लेकीला गोवर आला होता, मी तिच्या उशाशी बसून होते. दुसऱ्या दसऱ्याला सोनं लुटायच्या गर्दीत ह्यांची नवी चप्पल चौकातच हरवली आणि हे अनवाणी घरी आले. दोन्ही दसरे त्या ओळीत बसत होते. म्हणजे विक्री दोन हंगामांची धरली होती. पगार, वीज, ऑफिस मात्र दोन वर्षांचं नव्हतं, सोळा महिन्यांचंच होतं. आणे वर जाणारच.

विक्री आणि लोखंड निम्मं धरलं, पगार-वीज बारा महिन्यांची धरली. नेमका आकडा असा निघत नाही हे मलाही कळत होतं. पण अंदाजानं रुपयामागं पावणेदोन आणे राहिले. मी साडेतीन पुसून टाकले.

हे घरी आल्यावर सांगितलं. ह्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"छापलंय की इथं," ते म्हणाले. "लपवलंय कुठं? रजिस्ट्रारची परवानगी हाय."

"मग आदल्या वर्षाशी तुलना करून वाढ वाढ असं का लिवलंय?"

"वाढ हाय म्हणूनच लिवलंय."

मी म्हटलं, "मग मी सभेला येतो आणि विचारतो." आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात, येतो, जातो. ह्यांनी दोनदा सांगितलं की बायका सभेला येत नाहीत. मी विचारलं, बायकांच्या नावावर शेअर असतात ते कसे? त्यांच्या चेहऱ्यावर राग होता त्याहून भीती जास्त होती. शेअरसाठी नवरा एवढा भितो कशाला, हे मला समजलं नाही. मी ते मनात ठेवून दिलं.

सभा कारखान्याच्याच शेडमध्ये होती. यंत्रं एका बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या, पुढं टेबलावर लक्ष्मीचा फोटो आणि हार. शंभरेक माणूस असेल, त्यात बाई मी एकटी. मला कडेची खुर्ची दिली आणि चहा सगळ्यात आधी दिला, म्हणजे मी पिऊन निघून जाईन. मॅनेजर तासभर बोलले. चांगलं बोलायचे. कारखाना दुप्पट करू, प्रत्येक गुऱ्हाळात आपला चरक दिसेल, असं ऐकताना लोक माना डोलवत होते. मग कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं म्हणून ते बसायच्या बेतात होते. मी उभी राहिले.

चार माणसांत बोलायची सवय नव्हती. जे पाठ केलं होतं ते विसरलं आणि तोंडातून एवढंच आलं, "ह्या हिशेबात दसरे किती हायत?"

सगळी शेड हसली. मॅनेजरही हसले. म्हणाले, "बाई, दसरा वर्षाला एकच येतो. आमच्या कंपनीला अजून दुसरा मिळालेला नाही."

"मग हितं दोन कसे बसल्यात? पानाच्या डोक्यावरची ओळ वाचा की."

पुन्हा कुणीतरी हसलं, पण पुढच्या रांगेतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं चष्मा लावून अहवाल उघडला. शेजारच्यानं उघडला. कागदांचा आवाज होत राहिला. गुळाचे व्यापारी हंगामावर जगणारी माणसं, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. त्या पुढच्या रांगेतल्यानंच विचारलं, "म्हणजे एका दसऱ्याचं काढलं तर किती पडतंय?"

मॅनेजर म्हणाले, तसा हिशेब आत्ता तयार नाही, मागाहून कळवू, कायद्याप्रमाणे सगळं छापलेलं आहे. मग लगेच त्यांनी नव्या शेअरचा विषय काढला आणि भेळ वाटायला सांगितली. भेळ आल्यावर लोक भेळ खायला लागले. मी न खाता उठले.

घरी येताना हे माझ्या दहा पावलं पुढं चालत होते. दारात आल्यावर म्हणाले, "मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस तू."

"तोंड तुमचं," मी म्हटलं, "शेअर माझे."

आज वाटतं, तेवढं बोलले नसते तरी चाललं असतं. पण तेव्हा मी तशीच होते आणि आताही फार बदललेली नाही. अर्ज कपाटात तसाच राहिला. मुदत संपायला आठवडा होता, प्लॉटच्या पैशांनाही तेवढेच दिवस. हे रोज सकाळी कपाट उघडून अर्ज आहे का बघायचे, मला काही म्हणायचे नाहीत. मी त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. माझी सही दुसरं कुणी करू शकतं का, असंही माझ्या मनात येऊन गेलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल असं मनात येणं चांगलं नाही, पण आलं ते आलं.

रविवारी सकाळी मॅनेजर स्वतः आमच्या दोन खोल्यांत आले. हातात संत्र्यांची करंडी. एवढा मोठा माणूस आमच्या जिन्यानं कधी चढला नव्हता. खुर्ची एकच होती, ती त्यांना दिली. हे ट्रंकेवर बसले. मी चहा केला आणि आत न जाता दारातच थांबले.

"वहिनी, तुम्ही वकील व्हायला पायजे होता," ते म्हणाले.

मी म्हटलं, चौथीवाल्याला वकील करत नाहीत.

त्यांनी चहाचे दोन घोट घेतले. मग म्हणाले, "घरचीच माणसं अशी संशयानं बघायला लागली तर बाहेरच्यांनी काय करायचं? आन् साहेब तर आता आमचेच व्हायचे हायत. पेन्शनीत निघाले की कंपनीचे सेक्रेटरी. तुम्हास्नी बोलले न्हाईत?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे कपाकडं बघत होते.

"कधी ठरलंय हे?" मी विचारलं.

"शब्द झाला त्याला पाच वर्षं झाली की," मॅनेजर म्हणाले. "नवे शेअर तुम्ही घेतले की पक्कंच."

मग मला सगळं दिसलं. पावणेतीन आणे आले त्या वर्षी ह्यांनी माझं बोलणं हसण्यावारी नेलं ते कशासाठी, सभेला जाते म्हटल्यावर भ्याले ते कशासाठी. माझ्या सहीवर ह्यांची खुर्ची अडकली होती आणि मला ते बाहेरच्या माणसाकडून कळत होतं. मी म्हटलं, "मी नव्या शेअरवर सही करणार न्हाय."

खाली नळावर बायकांचं भांडण चाललं होतं. मॅनेजरांनी कप खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "मग जुने पण कशाला ठेवता? आमच्यावर इश्वास न्हाय, तर द्या मला. आजच्या भावानं घेतो. आत्ता."

पैसे त्यांनी आणलेच होते. म्हणजे हे सगळं ठरवून आले होते. आधी खुर्ची दाखवायची, खुर्ची चालली नाही तर नोटा काढायच्या. भाव चांगला होता. आम्ही घेतले त्याच्या दुपटीच्या जवळ. नव्या शेअरची विक्री चालू असताना ह्या माणसाला माझे जुने शेअर कशाला हवेत, हे मला चौथीवालीलाही कळत होतं. एक बाई गप्प बसायची ही किंमत होती.

मी विचारलं, "हे पैसे तुमचे का कंपनीचे?"

"वहिनी, पैशावर नाव लिवलेलं असतंय व्हय?"

"कंपनीचे असतील तर पुढच्या अहवालात कुठल्या ओळीत लिवणार?"

ते हसले. "आता सभेला यायचा तरास न्हाय तुम्हास्नी," एवढं म्हणाले.

मी नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. मग त्यांनी आणलेल्या विक्रीच्या कागदावर सही केली. साक्षीदार लागत होता तिथं ह्यांनी सही केली. कोर्टातला माणूस, अक्षर मोत्यासारखं. त्या दिवशी मात्र सही वाकडी आली.

मॅनेजर गेल्यावर मी ह्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू आणखी खोलात गेली असतीस." ते खरं होतं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ह्यांना सेक्रेटरीची खुर्ची मिळाली नाही. पेन्शनीत निघाल्यावर ते कोर्टाच्या आवारात लोकांचे अर्ज लिहून देत बसायचे. मला त्याचं वाईट वाटलं का, असं लेकीनं एकदा विचारलं. मी तिला खरं सांगितलं, की प्लॉटचे पैसे वेळेवर भरले गेले आणि मला त्याचंच बरं वाटलं.

शेअरच्या पैशांत पाया आणि भिंती झाल्या. पत्रे पुढच्या वर्षी घातले.

आमच्या बोळात एका मास्तरांची बायको राहायची. नव्या शेअरची मुदत संपायच्या आधी ती मला विचारायला आली. हक्क नसला तरी उरलेले शेअर बाहेरच्यांना देत होते, आणि तिच्या नवऱ्यानं फंडातून पैसे काढले होते. तुमच्याकडं शेअर आहेत, तुम्हाला माहिती, घेऊ का, असं तिनं सरळ विचारलं. मी म्हटलं, मी माझे विकले. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, घर बांधायचंय, पैसे लागत होते. ह्यात खोटं काही नव्हतं. सोळा महिन्यांची ओळ मी तिला दाखवली नाही. सभेत विचारलं ते शंभर माणसांनी ऐकलं होतं, तिच्या नवऱ्यानंही कुणाकडून ऐकलं असेल, असं मी मनाला सांगितलं. नोटा पेटीत होत्या, प्लॉटचा कागद व्हायचा होता, आणि तो माणूस परत येऊन व्यवहार मोडेल ही भीती मला होती. तिनं शेअर घेतले.

पुढच्या वर्षी अहवाल बारा महिन्यांचा आला असणार. मला आला नाही, मी आता भागधारक नव्हते. लाभांश दिला नाही एवढं कानावर आलं. कंपनी त्यानंतरही काही वर्षं तग धरून होती. पुढं शिरोलीला एमआयडीसी झाली, चांगले ओतारी तिकडं गेले, आणि कंपनीच्या शेडमध्ये कुणीतरी लाकडाची वखार घातली.

आमची वास्तुशांत झाली ती लाभांश बुडाला त्याच वर्षी. मास्तरांची बायको आली होती. मी तिला घर दाखवलं. तिनं स्वयंपाकघरातली फरशी पायानं चाचपून बघितली, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि म्हणाली, "तुमचं बरं झालं बाई. वेळेवर मोकळ्या झालात."

मी तिच्या पानात जिलेबी वाढली. तिनं ते सरळ मनानं म्हटलं की सगळं कळून म्हटलं, हे तिच्या तोंडाकडं बघून मला ओळखता आलं नाही. तिनं जिलेबी खाल्ली, आणखी वाढू का म्हटलं तर नको म्हणाली, आणि हात धुवायला मोरीकडं गेली.